आंबेटोल्याची उरी

दिवाकर मोहुर्लेचं लग्न पत्रिकेवर अडलं नव्हतं. गण जुळत होता, नातं आड येत नव्हतं, मुलगा पित नव्हता आणि मुलीला तो पसंत होता. अडलं होतं ते उरीवर.

उरी म्हणजे गावाची उरलेली वर्षं. हा शब्द आधी सरकारी कागदात आला की बायकांच्या तोंडात, ते आता कोणी सांगू शकत नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यात वैशाखाचा पारा बावन्नाला टेकू लागला, बाजार पहाटे भरू लागले, लग्नं सूर्य उगवायच्या आत लागू लागली, तेव्हापासून सोयरिकीचा पहिला प्रश्न हाच झाला. शेती किती हे दुसऱ्या नंबरला गेलं, मुलगा कसा हे तिसऱ्या. प्रत्येक गावाच्या शिवेवर निळी पाटी. वर गावाचं नाव, मध्ये लोकसंख्या, खाली उरी. पंचविशीच्या वरच्या गावातली पोरं भांग पाडून फिरायची. दहाच्या खालच्या गावातल्या पोरांना कंगवा तरी कशाला लागतो?

आंबेटोल्याच्या पाटीवर उरीची जागा कोरी होती, आणि ती कोरी ठेवणारी होती सायत्राबाई. दिवाकरची आई, तलाव समितीची अध्यक्ष. स्वतः चौथीच्या पुढे गेली नव्हती, पण ग्रामसेवकापासून आमदारापर्यंत सगळ्यांना तिनं एकेकदा उभं केलं होतं आणि बसा म्हटलं नव्हतं. उरी काढणारे लोक आले की ती त्यांना तलावाच्या बांधावरून, पाळीवरूनच परत पाठवायची. "माह्या तलावाचं मरण मले बाहेरचा माणूस सांगणार?" एवढंच म्हणायची. चहाही देत नसे.

आता ही उरी काढतात कशी, ते सांगायला हवं. हात पाहावा तसं कोणी तलावाकडे पाहतं आणि आकडा बोलतं, असं समजणारे अजून आहेत.

याच जिल्ह्यात इरई नदीच्या बाजूला चुनखडकाची एक फरशी उघडी पडली आहे. तिच्यावर वाघानं पंजा ओढावा तसे लांब, सरळ, एकाशेजारी एक ओरखडे आहेत. तो पंजा बर्फाचा होता. तीस कोटी वर्षांपूर्वी ही जमीन दक्षिण ध्रुवाजवळ होती, आणि डोंगराएवढा जाड बर्फ पोटात दगडधोंडे धरून तिच्यावरून सरकत होता. जिथे वितळला तिथे त्यानं पोटातलं सगळं ओकलं. बैलाएवढे धोंडे, मुठीएवढे गोटे आणि पिठासारखी माती, सगळं एकात एक. नदी असं करत नाही. नदी निवडते, जड आधी टाकते, हलकं पुढे नेते. वारा तर फक्त बारीकच उचलतो. न निवडता, न पाखडता सगळं एका जागी टाकून जाणारा एकटा बर्फ. म्हणून तसा खडक दिसला की जाणकार ओळखतात, इथे बर्फ होता. आज तिथे दगडावर अंडं भाजत असलं तरी.

त्या बर्फाच्या पायथ्याशी तळी होती. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी रेती घेऊन धावत यायचं आणि तळ्याच्या बुडाशी जाड, फिका थर बसायचा. त्याला म्हणतात ओत. हिवाळ्यात तळ्यावर बर्फाचं झाकण बसायचं, पाणी हलेनासं व्हायचं, आणि ताक ठेवून दिलं की जसं खाली बसतं तशी सगळ्यात बारीक माती हळूहळू खाली उतरायची. हा पातळ, काळसर थर म्हणजे निवळ. एक ओत आणि एक निवळ, झालं एक वर्ष. असे हजारो थर खडकात एकावर एक आहेत. मध्येच एखादा गोटा दिसतो, तरंगत्या बर्फातून सुटून पडलेला. त्याच्याखाली थर दबलेले असतात, गादीवर जाडा पाहुणा बसावा तसे.

हवा तापत गेली तेव्हा त्या तळ्यांचं काय झालं, तेही खडकात आहे. आधी निवळ पातळ होते, कारण पाण्याला स्वस्थ बसायला मिळत नाही. मग ती मधूनमधून तुटते. मग सगळं घुसळल्यासारखं दिसतं. मग रेतीचा एकच जाड पट्टा, आणि तळं संपलं. त्याच्यावर पुढे जंगल उगवलं, जंगलाचा कोळसा झाला. तो कोळसा आपण जाळून हा उन्हाळा करून घेतला, आणि आता त्याच्या खालच्या खडकाला विचारतोय की बाबा, आमचे किती राहिले.

विचारायची पद्धत म्हणजे थरजुळणी. गावच्या तलावातही दर पावसाळ्यात ओत येतो आणि पाणी निवांत झालं की निवळ बसते. गाळाचा उभा तुकडा काढायचा, यंत्रात घालायचा. निवळ ज्या चालीनं पातळ होत आली आहे, तीच चाल यंत्र खडकात शोधतं, आणि खडकातलं तळं तिथून पुढे किती वर्षं जगलं ते मोजतं. तीच गावाची उरी. ज्या गावांची मुदत भरून गेली होती, त्यांपैकी एकाचाही आकडा चुकला नव्हता. ज्योतिषाला तरी कधी असं जमलं?

मुलीचे वडील शामराव लेनगुरे पोहे संपवून पाटाला हात टेकून बसले. सोबत मुलगी तृप्तीही आली होती. ती अंगणवाडीत शिकवायची आणि घर पाहिल्याशिवाय होकार द्यायचा नाही, असं तिनं वडिलांना सांगितलेलं.

"पोरगा लाख आहे, बाई," शामराव म्हणाले. "घरही पटलं. पण आमच्या गावची उरी नऊ. पोरगी नवातून काढून कोऱ्यात कशी टाकू? कोरं म्हणजे मले पन्नासही वाटते अन् दोनही वाटते."

"पोरगी देऊन राहिले का बँकेत ठेवून राहिले?" सायत्राबाई म्हणाली.

"तसंच समजा. पंचवीसच्या वर निघाली तं अखजीनंतर लग्न लावून देतो. नाही तं पहाडाकडलं एक स्थळ आहे, एकतीसवालं. पोरगा डोक्यानं जरा कमी आहे म्हणतात, पण तलाव चांगला आहे."

"बाबा, मला तलावाजवळ झोपायचं आहे का?" तृप्ती म्हणाली.

"पोरगा बिघडला तं माहेरी येता येते. तलाव बिघडला तं तोवर माहेर कुठं राहणार?"

सायत्राबाईनं रिकाम्या बशा गोळा केल्या.  दिवाकर छत्तीस वर्षांचा झाला होता. संध्याकाळ झाली की गावातली बिनलग्नाची पोरं तलावाच्या पाळीवर ओळीनं बसायची, आणि दर वर्षी ती ओळ लांबत होती. सायत्राबाई हल्ली त्या बाजूला पाणी भरायला जात नसे. ओळीच्या टोकाला तिचा पोरगा बसायचा.

"बोलवा त्याइले," ती शेवटी म्हणाली. "काढू द्या काय काढायचं ते."

तालुक्यावरून निरोप आला की डॉक्टर विशाखा रामटेके अमुक दिवशी तलावाची पाहणी करायला येतील. आणि इथे आंबेटोल्यानं ती चूक केली जी आंबेटोल्यानंच करावी.

आपल्याकडे पाहणीचा माणूस येणार म्हटलं की शाळेला रंग लागतो आणि दवाखान्याला चादरी मिळतात. आंबेटोल्यानं तर स्वच्छ गावाचा पहिला नंबर काढलेला. सायत्राबाईनं गाव गोळा केलं आणि सांगितलं, की नागपूरची बाई येणार, तलावात चिखल दिसला तर तुमची तोंडं पाहणार नाही. एरवी दर अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी, तलाव आटला की, घरटी एक माणूस खाली उतरून वरवरचा गाळ काढायचा. हातानंच, कारण यंत्र उतरवलं तर जुनी पाळ फुटते. या वेळी घरंच्या घरं उतरली. पहाटे टोपली घेऊन जायची, ऊन चढलं की वर यायची. बिनलग्नाच्या पोरांनी तर जीव तोडला. मुरूम लागेपर्यंत खरवडलं. पायऱ्या घासल्या. पाळीला चुना मारला, आणि ज्या सकाळी गाडी यायची होती त्या सकाळी कोणीतरी पाळीवर रांगोळीही काढली.

डॉक्टर विशाखा पाळीवर चढली, खाली पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. चाळिशीची, उन्हानं रापलेली बाई. पायात मजुराचे बूट.

"गाळ कुठे आहे?" तिनं विचारलं.

"काढला," सायत्राबाई म्हणाली.

"सगळा?"

"खाली पंगत बसवा. मुंगी सापडणार नाही."

"काकू, मी गाळच पाहायला आले होते."

मागे उभी असलेली बायामाणसं एकमेकांकडे पाहायला लागली. सायत्राबाई म्हणाली, "चिखल पाहायले सरकार नागपूरहून माणूस धाडते, हे आमच्यासारख्या अडाण्यांनी कसं समजावं, मॅडम? पत्रात पाहणी लिवलं होतं. चिखल ठेवा असं लिवायचं होतं."

"मला कळतंय. पण आता मी पाटीवर काय लिहू? आणि शेजारची गावं काय म्हणतील, ते सांगू? खाली वाईट आकडा होता, म्हणून खरवडून टाकला."

हे मात्र लागलं. लपवलं, असं आजवर सायत्राबाईला कोणी म्हणालं नव्हतं. ती पाळीवरून उतरली आणि "ऊन चढून राहिलं, घरात चला," एवढं बोलून पुढे चालू लागली.

घरात अंबिलीचा पेला हातात घेऊन डॉक्टर विचारत होती की काढलेला गाळ कुठे कुठे गेला. वावरात गेला, पाळीवर गेला. ते सगळं नांगरलेलं, तुडवलेलं. मग सायत्राबाई सहज म्हणाली, "अन् पहिलं टोपलं चुलीमागच्या भिंतीले."

"म्हणजे?"

"दर साली गाळ निघाला की पहिलं टोपलं घरात येते. चुलीमागची भिंत लिपायची. वाळली की वरून छुई मातीचा पांढरा हात. आता चूल कोण पेटवते? पण भिंत सोडायची नाही, सासूचं सांगणं. त्या भिंतीत कोनाडा होता, त्यात दिवा राहायचा. आता बोट जात नाही."

डॉक्टरनं पेला खाली ठेवला. भिंतीजवळ जाऊन तिनं तळहात लावला, मग गाडीतून हातात मावेल एवढं भोक पाडायचं यंत्र आणलं.

"माही भिंत फोडणार?"

"मनगटाएवढं भोक. पुढच्या अखजीला लिपून टाका."

बाहेर निघालेली मातीची कांडी कोपरापासून मनगटापर्यंत लांब होती. तपकिरी, मग पांढरी रेघ, पुन्हा तपकिरी, पुन्हा पांढरी रेघ. डॉक्टरनं पिशवीतून खडकाचा एक तासलेला तुकडा काढला आणि दोन्ही ओट्यावर शेजारी ठेवले. ओत, निवळ, ओत, निवळ. सायत्राबाईनं आधी खडकावरून बोट फिरवलं, मग आपल्या भिंतीवरून.

"हे बर्फाचं लिपण?"

"हो. तीस कोटी वर्षांपूर्वीचं."

"अन् हे आमचं. बरं लिपलं होतं त्यानं. सांधा दिसत नाही." मग तिनं भिंतीच्या तुकड्यात मध्येच एक जाड रेघ दाखवली. "हे माह्या सासूचं. छुई लावताना तिचा हात सुटायचा. मी बोलली की म्हणायची, माही सासू पाहिली असती तं पळाली असती."

डॉक्टर हसली. पण गाळ कालवलेला, त्यात शेण, कोंडा, मग थर कुठले राहणार, असं दिवाकरनं दारातून विचारलं तेव्हा तिनं त्याला नीट सांगितलं. शेण आणि कोंडा यंत्र वजा करतं. ओत आणि निवळ एकमेकांत मिसळले तरी चालतं, त्या वर्षी जाड माती किती होती आणि बारीक किती, एवढंच प्रमाण हवं. आणि प्रत्येक वर्ष तुमच्या बायकांनी पांढरी रेघ मारून वेगळं ठेवलेलं आहे. दिवाकरनं मान हलवली आणि तो पाण्याची मोटर दुरुस्त करायला पाळीकडे गेला. खरं म्हणजे आकडा येताना तिथे उभं राहायची त्याची छाती नव्हती.

यंत्राला अर्धा तास लागला. डॉक्टरनं आकडा पाहिला, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं.

"अकरा," ती म्हणाली.

 सायत्राबाईनं ओट्यावर सांडलेली माती पदरानं पुसली, तिथे माती उरली नव्हती तरी पुसत राहिली. "पुन्हा पाह्य एकदा."

"दोनदा पाहिलं. काकू, बसा. मला तुम्हाला एक सांगायचं आहे. आकडा बरोबर आहे, पण मला तो खरा वाटत नाही."

"म्हणजे यंत्र बिघडलं."

"यंत्र ठीक आहे. त्या खडकातल्या तळ्याचा गाळ कोण काढत होतं?"

"मले काय विचारते? मी होती का तिथं?"

"कोणीच नव्हतं. माणूस यायला अजून तीस कोटी वर्षं होती. तळं आपलं भरत गेलं आणि मेलं. आम्ही तुमचा तलाव त्याच्याशी जुळवतो. म्हणजे असं धरून चालतो की तुमच्याकडेही कोणी नाही."

"मंग बाकी गावाइचे आकडे कसे बरोबर आले?"

डॉक्टरनं यंत्र मिटून बाजूला ठेवलं. "मागच्या वर्षी मी एका गावात गेले. उरी सात काढली होती आणि सातव्या वर्षी तलाव संपला. ऑफिसात पेढे वाटले. शेवटचे थर कसे दिसतात ते पाहायला मी गेले, तर पाटी लागल्यापासून तिथे एकदाही गाळ काढलेला नव्हता. कशाला काढतील? सातच वर्षं राहिली होती. मुलांना मुली मिळेनात, मुलं निघून गेली. म्हाताऱ्यांना पाळ चढवत नव्हती. आधी गाव उठलं, काकू, मग तलाव मेला. मी दुसरं गाव पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळीकडे तेच. आमचं भाकीत खरं ठरत नव्हतं. लोक ते पाळत होते."

"हे वरच्याइले सांगितलं?"

"सांगितलं. म्हणाले, आकडे बरोबर येताहेत ना, मग तक्रार कसली?"

"हुशार आहेत," सायत्राबाई म्हणाली. "तं मंग अकरा लिवू नको. चाळीस लिव."

"असं मनानं लिहिता येत नाही."

"मनानं लिवता येत नाही तं मले सांगितलं काहून? पोट तुहं दुखते अन् ओवा मी खाऊ?"

डॉक्टरनं खडकाचा तुकडा हातात घेतला. मग हळूच म्हणाली, "त्या तळ्याचा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा उशिरा मेला होता. तुमच्या भिंतीचे शेवटचे काही थर सोडले, तर तिथेही जुळतात. तिथून मोजलं तर चाळीस येतात. कोणी विचारलं तर मी दाखवू शकेन."

"मंग झालं."

"झालं नाही. नीट ऐका. ऊन खोटं नाही. तुमची निवळ खरंच पातळ होत चालली आहे, तुमच्याच भिंतीत दिसते. दर वर्षी मुरूम लागेपर्यंत गाळ काढत राहिलात तर तलाव किती दिवस तगेल, हे मला माहीत नाही. खडकालाही माहीत नाही, त्यानं माणसाचे हात कधी पाहिलेच नाहीत. चाळीसही तगेल, पंधराही. आणि शेवट येतो तो हळूहळू येत नाही." तिनं तुकड्याच्या वरच्या कडेचा रेतीचा जाड पट्टा दाखवला. "हा एका उन्हाळ्याचा आहे. अकरा लिहिलं तर तोवर गाव रिकामं झालेलं असेल. चाळीस लिहिलं तर गाव भरलेलं असेल. लेकरंबाळं असतील."

सायत्राबाईनं कधी कोणाला माप कमी भरून दिलं नव्हतं. दुसऱ्याची मुलगी खोट्या आकड्यावर घरात आणायची, म्हणजे काय ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाळ दिसत होती. दिवाकर मोटरीशी वाकला होता, आणि उन्हाची वेळ झाली तरी चार-पाच पोरं उगीचच त्याच्याभोवती उभी होती. कामाला नव्हे, आकड्याला.

"लिव," ती म्हणाली.

"दर वर्षी गाळ काढाल? असाच, खालपर्यंत?"

"मी जित्ती असताना हे गाव खाली उतरणार नाही होय? तू लिव. अन् अकरा तू विसरली, मीही विसरली."

डॉक्टरनं लिहिलं.

लग्न अखजीनंतर लागलं, सूर्य उगवायच्या आत. शामरावांनी पाटीपाशी गाडी थांबवून आकड्यासोबत फोटो काढून घेतला होता, म्हणजे नातेवाइकांना सांगत बसायला नको. त्या सालात आंबेटोल्यात आणखी सहा लग्नं झाली. पाळीवरची ओळ मोडली, आणि पोरं उरली नाहीत म्हणून कुत्री तिथे झोपू लागली. कोणी घरावर मजला चढवला, कोणी आंब्याची कलमं लावली, आणि सगळी माणसं एकदम मोठ्यानं बोलायला लागल्यासारखी वाटली. तृप्ती घरात रुळली. सासूला उलट उत्तर द्यायची, आणि सासूला ते आवडायचं. दिवाळीनंतर तिला दिवस राहिल्याचं कळलं.

मग पुन्हा अखजी जवळ आली. तलाव आटला. मागच्या सालापेक्षा पंधरवडा आधी आटला, पण ते मोजणारी एकटी सायत्राबाई. तिनं फोनवरच्या गटात निरोप टाकला, की सोमवारी पहाटे घरटी एक माणूस. सोमवारी पहाटे पाळीवर ती, दिवाकर आणि म्हातारा सोमाजी ढिवर, ज्याची तलावात मासेमारी होती. बाकी कोणी नाही.

ती दारोदारी गेली.

"मागच्या साली मुरूम लागला होता ना, काकी," पहिल्या घरातला मुलगा म्हणाला. त्याचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. "आता काय घरात गालिचा टाकायचा आहे का तिथं?"

"चाळीस आहेत," दुसऱ्या घरात म्हणाले. "एक साल सुटलं तं एकोणचाळीस होतील. आपलं काय जाते?"

तिसऱ्या घरातल्या बाईनं तिला बसायला पाट दिला, सरबत दिलं आणि प्रेमानं सांगितलं की काकी, तुमचं वय झालं, आता जीवाला त्रास करून घेऊ नका. सायत्राबाईनं आयुष्यभर भित्र्यांना शिव्या दिल्या होत्या, आळशांना दिल्या होत्या, सरकारला तर रोजच. सुखी माणसाला काय शिवी द्यायची, ते तिला येत नव्हतं. डॉक्टरनं सांगितलेल्या त्या गावात सातच वर्षं राहिली म्हणून कोणी खाली उतरलं नव्हतं. इथे चाळीस आहेत म्हणून उतरत नव्हते.

घरी येऊन तिनं डॉक्टर विशाखाला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. 

"मले एकच सांग," सायत्राबाई म्हणाली. "तू किती लिवलं असतं म्हणजे लोक उतरले असते? वीस? पंधरा?"

"माहीत नाही, काकू," डॉक्टर म्हणाली. "हे खडकात कुठे शोधायचं?"

"पाटी बदलता येते?"

"येते. काय कारण लिहू? आणि आकडा कोणता लिहू?"

सायत्राबाईनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिघं खाली उतरली. गाळ काढायला खरं म्हणजे ओळ लागते. खालच्या माणसानं टोपलं भरायचं, मग ते हातोहात पायऱ्या चढत पाळीवर जातं, कोणाला पाऊल उचलावं लागत नाही. तिघांची ओळ होत नाही. सोमाजी भरायचा, आणि दिवाकर व त्याची आई एकेक टोपलं डोक्यावर घेऊन सगळ्या पायऱ्या चढायची, ओतायची, उतरायची. सकाळ संपत आली तेव्हा ओट्याएवढी जागा साफ झाली होती आणि बाकीचा तलाव तसाच पसरला होता.

तृप्ती डबा घेऊन आली. सातवा महिना होता, जपून पावलं टाकत ती पाळीवरच्या चिंचेच्या सावलीत बसली. सायत्राबाई टोपलं घेऊन वर आली, ओतलं, आणि कमरेला हात लावून उभी राहिली. धाप लागली होती.

"आई, पुरे ना आता," तृप्ती म्हणाली. "ऊन पाहा किती चढलं. एवढी काय घाई आहे? चाळीस वर्षं आहेत आपल्याला. हा मोठा होईल, याची पोरं होतील, ते काढतील." तिनं पोटावर हात ठेवला आणि हसली.

सायत्राबाईनं तोंड उघडलं. आकडा तिच्या जिभेवर आला होता, तो आता दहा झाला होता. तो बोलला असता तर या क्षणी गाव धावत खाली उतरलं असतं, किंवा संध्याकाळपर्यंत सामान बांधायला लागलं असतं. यातलं काय झालं असतं, ते तिला सांगता येईना. सुनेनं आपल्याकडे कसं पाहिलं असतं, तेवढं मात्र तिला स्पष्ट दिसत होतं.

"काय म्हणता, आई?"

"काही नाही," सायत्राबाई म्हणाली. "सावलीत सरक. ऊन आलं तिथं."

तिनं रिकामं टोपलं उचललं आणि ती पुन्हा पायऱ्या उतरू लागली.